विमानतळ ते वाटूर, काळी-पिवळीनं

चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरून जालन्याला कमी खर्चात कसं यायचं, हे मला ज्या बाईनं शिकवलं, ती बाई जन्मात कधी विमानात बसली नाही. ती माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणायचो. वाटूरला दिलेली. घरची शेती, दोन म्हशी, एक मुलगा, आणि जगात कोण कुठं उगाच पैसा उधळतंय याची सगळी खबर तिच्याकडं.

मी नोकरीला हैदराबादला, औषधाच्या कारखान्यात. आधी रेल्वेनं यायचो. रात्रभर बसून कंबरेचा काटा ढिला व्हायचा. पुढं पगार बरा झाला, सुट्ट्या मात्र कमी झाल्या, तसा विमानानं यायला लागलो. पहिल्यांदा आलो तेव्हा विमानतळाच्या दारातच टॅक्सी केली आणि थेट अक्काच्या अंगणात जाऊन उतरलो. मला वाटलं, खूश होईल. ती म्हशीला पेंड कालवत होती. टॅक्सी वळून फाट्याकडं गेली, तशी हात झटकत म्हणाली, "काय रे भाऊ, कोण मेलं?"

"कोणी न्हाई. काहून?"

"मंग एवढी गाडी करून काहून आलास? आपल्यात असं गाडी करून मयतीलाच येतेत."

झालं. विमानाचं कौतुक राहिलं बाजूला. ती गाडी किती घेते, परत रिकामी जाते तरी दोन्हीकडचं भाडं का घेते, तेवढ्यात घरात काय काय आलं असतं, यावर संध्याकाळपर्यंत माझी धुलाई चालली. दाजी ओट्यावर बसून हसत होते. दाजी म्हणजे तिचा नवरा, जगातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. त्यांच्या वाट्याचं बोलणंसुद्धा अक्काच करायची.

महिनाभरानं तिचा फोन आला. वाटूरच्या फाट्यावर थांबणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला, ड्रायव्हरला विचारून विचारून तिनं सगळी माहिती काढली होती.

"ऐक आता नीट. गेटातनं बाहेर ये. गाडीवाले मागं लागतील. 'साहेब कुठं, साहेब कुठं' करतील. त्यांच्याकडं बघायचंच न्हाई. बघितलं का फसला. सरळ चालत मोठ्या रस्त्याला ये. जालन्याचा रस्ता तोच. पलीकडं जा. विनावाहक लिहिलेली गाडी आली तर हात करू नको, ती मधी थांबत न्हाई, उगं हात दुखतील. साधी लाल गाडी आली तर कर हात. न्हाईच आली तर काळी-पिवळी. तिच्यात मधल्या सीटवर बस, मागं बिलकुल बसू नको, हाडं खिळखिळी होतात. जालन्यात मंठा चौफुलीला उतर. तिथून आपल्या वाटूरला पायजे तेवढ्या गाड्या."

"अक्का, तू गेल्ती का कधी तिकडं?"

"जायला कशाला पायजे? विचारलं का कळतं. तू शिकलेला, तुला विचारायची लाज वाटते."

लाज वाटतच होती. विमानातून उतरलेली सगळी माणसं चाकाच्या बॅगा ओढत गाड्यांत बसायची, काचा वर करायची आणि मी खांद्याला बॅग अडकवून त्यांच्या बाजूनं पायी चाललेला. गेटावरच्या शिपायाला पहिल्यांदा वाटलं मी रस्ता चुकलो. "टॅक्सी इकडं आहे साहेब," तो म्हणाला. मी म्हटलं, "माहीत आहे." त्यानं मला खालून वर बघितलं.

पण दोन-तीन खेपांत मला ते आवडायला लागलं, हे कबूल करतो. रस्त्याला आलं की ट्रकचा धूर, उसाच्या रसाची गाडी, हातात डबा धरून कंपनीतून सुटलेली पोरं. काळी-पिवळी म्हणजे आमच्याकडची भाड्याची जीप. नऊ माणसांसाठी बनवलेली आणि पंधरा माणसं बसल्याशिवाय न हलणारी. आकाशात तासभर कोणी कोणाशी बोलत नाही. इथं मांडीला मांडी लागली की लगेच 'कोणतं गाव तुमचं?' तिथं मी परत आमच्या बोलीवर यायचो. शेंद्रा, करमाड, बदनापूर करत जालन्यात शिरेपर्यंत मी बराबर अक्काचा भाऊ झालेला असायचो.

ती फाट्यावर उभी असायची. गुडघे दुखायला लागल्यावर चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसून असायची, पण यायची. तब्येत कशी, बायको कशी, हे नंतर. पहिला सवाल ठरलेला.

"कशानं आलास?"

"काळी-पिवळीनं."

"मधल्या सीटवर?"

"मधल्या सीटवर."

"शाब्बास." मग टपरीवाल्याकडं वळून ती सांगायची, "विमानात बसतो माझा भाऊ, पण डोकं जाग्यावर हाय त्याचं."

आई-वडील गेल्यावर मला गावाकडं बोलावणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं. आमचं घर कधीच विकलं. त्यामुळं तिला माहेर म्हणजे मी, आणि मला घर म्हणजे ती. ती हे बोलून दाखवायची. भांडण झालं की म्हणायची, "मला माहेर एवढंसंच हाय रे, त्याच्याशी भांडून जाऊ कुठं?" आणि पुन्हा भांडायची.

त्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. भाचा म्हणजे अक्काचा मुलगा. आता दोन लेकरांचा बाप आहे.

"मामा, मायची तब्येत जरा जास्त झालीय. येऊन जाता का?"

"दवाखान्यात नेलं का?"

"दाखवलं."

"बोलती का?"

तो म्हणाला, "झोपलीय."

"मंग झोपू दे. उठली की सांग, भाऊ निघाला म्हणून."

"हां मामा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडं माणूस गेल्याचं लांबच्या माणसाला फोनवर सांगत नाहीत. तब्येत जास्त आहे, निघा, एवढंच सांगतात. लांबच्या वाटेवर तो एकटा असतो, कुठं कोसळला तर कोण धरणार, म्हणून. दारात आणून मगच त्याला रडू द्यायचं. हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. आमचे आबा, म्हणजे वडील, गेले तेव्हा अक्काला फोन मीच केला होता. मीच म्हणालो होतो, आबांना जरा दम लागलाय, येऊन जा. ती मोसंबी घेऊन आली होती. आजारी माणसाला म्हणून पिशवीभर मोसंबी. अंगणातली माणसं बघितली आणि ती पिशवी हातात तशीच धरून खाली बसली.

म्हणजे मला कळायला पाहिजे होतं. परक्याचा फोन असता तर मी एका शब्दात ओळखलं असतं. पण आपल्या माणसाच्या बाबतीत तब्येत जास्त आहे म्हटलं की माणूस तब्येतच धरून बसतो.

बायकोनं ओळखलं. दुपारच्या विमानात एकच जागा मिळाली, म्हणून बायको रेल्वेनं मागून येणार होती. मी बॅग भरत होतो. अक्कानं गुडघ्याला बांधायचा पट्टा मागितला होता, तो आणून ठेवलेला होता, तो टाकला. बायको कपाटाशी उभी राहून हळूच म्हणाली, "एखादी साडी घेऊन जाता का सोबत?"

"साडी कशाला? आजारी माणसाला साडी कोण नेतं?" मी ओरडलोच.

तिनं कपाट लावून घेतलं.

चिकलठाण्याला उतरलो तेव्हा ऊन तापलं होतं. दारातच गाडीवाले. "साहेब जालना? साहेब बीड? एसी गाडी हाय." आणि त्या दिवशी मी पाय थांबवला. खिशात पैसे होते. बहीण आजारी होती. गाडी केली असती तर दोन तासांत तिच्या उशाशी असतो. एका गाडीवाल्यानं माझ्या हातातली बॅग धरलीसुद्धा. पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. गाडी करून त्या अंगणात उतरलो म्हणजे झालं. मग मी मयतीला आलो. आणि काळी-पिवळीनं गेलो तर मी नेहमीसारखा, सुट्टीला, भेटायला आलो. ती उठून बसेल, विचारील कशानं आलास, तेव्हा तिला सांगता आलं पाहिजे. शिकल्यासवरल्या माणसानं असला विचार करावा? पण केला. मी बॅग त्याच्या हातातून ओढून घेतली आणि म्हणालो, "नको. आमच्या इथं सगळं बरं आहे."

तो माझ्याकडं बघतच राहिला. त्यानं काही विचारलं नव्हतं.

रस्ता ओलांडला. एक विनावाहक गाडी गेली, तिला हात केला नाही. मग काळी-पिवळी आली. मागं जागा होती. मी ड्रायव्हरला म्हटलं, "मधली सीट पायजे." तो म्हणाला, "काका, एक माणूस मागं सरकवतो, या." बसलो. गाणं लागलेलं होतं. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. शेंद्र्याच्या कंपन्या मागं पडल्या. मी मनात अक्काशी बोलून राह्यलो होतो. काय गं, एवढी तेवढी तब्येत आणि लगेच पोराला फोन करायला लावतीस? माझा पगार तिकिटातच घालवतीस का?

करमाडला एक जोडपं चढलं. पन्नाशी ओलांडलेलं. माणसाच्या डोक्यावर पांढरी टोपी, बाईच्या हातात कापडी पिशवी. माझ्या शेजारची दोन पोरं तिथं उतरली होती, म्हणून ती दोघं माझ्या अंगाला अंग लावून बसली. गाडी निघते न निघते तोच त्या माणसाचा फोन वाजला. आमच्याकडं फोनवर कोणी हळू बोलत नाही.

"हां, बसलोत बसलोत. करमाडवरून. पोचतोत की. ते आल्याबिगर कुठं उचलतेत? बरं बरं, ठेवा."

बाईनं विचारलं, "काय म्हणले?"

"भाऊ येऊन राह्यला म्हणे तिचा. हैदराबादहून, विमानानं. त्याच्यासाठी ठेवलंय."

"ठेवावंच लागंल. माहेरच्या लुगड्याबिगर कशी उचलतील? कुंकवाची बाई."

"पहाटंच गेली म्हणे."

"चुलीपुढंच. मला सकाळी वाटूरहून फोन आल्ता ना. च्या ठेवला, नवऱ्याला हाक मारली, आन् बसल्या जागी मान टाकली. कोणाला तरास न्हाई, काई न्हाई. अहेवपणी गेली, नशिबाची." तिनं डोळ्याला पदर लावला. मग एकदम तिच्या लक्षात आलं. "अवं, पण त्या भावाला सांगितलंय का?"

"येडी का काय तू? असं सांगतेत का कुठं? तब्येतीचंच सांगितलं असंल."

"मंग तो लुगडं कुठून आणीन?"

वाटूरला हैदराबादहून विमानानं येणारा भाऊ एकच होता.

मी समोर बघत होतो. ड्रायव्हरच्या आरशाला लिंबू-मिरची लटकत होती, ती हलत होती. माझ्या मनात आलं, आपण बोलायचंच नाही. आपण कोणी दुसरेच. आपण जालन्याला सरकी घ्यायला चाललोय. जोवर मी तोंड उघडत नाही तोवर त्या बाईचा भाऊ अजून विमानातच आहे, त्याला काही माहीत नाही, त्याची बहीण झोपलीय. बदनापूर आलं. मागचे दोघे उतरले, तिघे चढले. बदनापूर गेलं. मी तसाच. पण ती बाई पुन्हा बोलली. नवऱ्याला म्हणाली, "लई जीव होता म्हणे तिचा त्या भावावर. आला का गावभर सांगत फिरायची."

"मावशी," मी म्हणालो. "तो भाऊ मीच."

माझ्याच वयाची बाई ती, पण तोंडातून मावशीच निघालं.

तिनं तोंडावर पदर दाबला. "अगं बाई गं. अगं माझे माय. मला मेलीला देवानं जीभ काहून दिली!" तिनं माझा हात धरला आणि माझ्याआधी तीच हमसून हमसून रडायला लागली. टोपीवाला माणूस "अहो पाहुणे, अहो पाहुणे" एवढंच म्हणत राहिला. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. मागून कोणीतरी पाण्याची बाटली पुढं दिली. मी रडलो नाही. मला राग आला. असा राग आला की भाच्याला फोन लावला आणि सगळ्यांच्या देखत ओरडलो.

"झोपलीय म्हणालास मला! लाज न्हाई वाटली? मी तिला उठल्यावर सांग म्हणालो, आन् तू हां म्हणालास!"

तो म्हणाला, "मामा, तुम्ही एकटे होतात. कसं सांगू?" आणि तो लहानपणी रडायचा तसा रडायला लागला.

मी म्हणालो, "रडू नको. लुगडं घेऊन येतो." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मग माझा बांध फुटला.

त्या जोडप्यानं मला नंतर सोडलंच नाही. दाजींच्या लांबच्या भावकीतली माणसं, माझी त्यांची ओळख नाही की काही नाही. जालन्यात उतरल्यावर टोपीवाला म्हणाला, "पाहुणे, तुम्ही हिच्यासंगं बाजारात जा. मी गाडी बघतो." आता गाडी करायला काही हरकत नव्हती.

मी आयुष्यात अक्कासाठी एकट्यानं साडी घेतली नव्हती. भाऊबीजेची साडी बायको घ्यायची आणि अक्का ती उलगडून हमखास म्हणायची, "रंग चांगलाय. माझा भाऊ संगं न्हवता वाटतं." बाई घेऊन गेली त्या दुकानात गादीवर बसलो. पोऱ्या पाणी घेऊन आला. दुकानदार तोंडभर हसून म्हणाला, "बोला, लग्नाची दाखवू? नवीन माल आलाय."

मी म्हणालो, "हिरवी."

"शालू दाखवू? पैठणी? कोणासाठी पाहिजे, वय काय?"

मला वय सांगता येईना. बाईच बोलली. "मातीचं हाय, शेठ."

त्यांचं हसू गेलं. समोर उलगडलेल्या चकचकीत साड्या त्यांनी दोन्ही हातांनी बाजूला सारल्या, स्वतः उठले आणि मागच्या फडताळातून तीन हिरवी लुगडी काढून पुढं ठेवली. मला त्यातलं एक फार सुंदर वाटलं. गर्द हिरवं, चमकदार, जरीचे काठ. वाटलं, शेवटची साडी, नावं ठेवायला जागा राहू नये. मी त्याला हात घातला. बाईनं कापड चिमटीत धरलं आणि मान हलवली.

"हे नगं, भाऊ. हे नायलॉन हाय."

"असू द्या ना. छान दिसेल."

ती खाली बघत, हळू म्हणाली, "नायलॉन आगीत अंगाला चिकटतं. सुती घ्या. सुती नीट जातं."

मी सुती घेतलं. शेठनी सांगितले ते पैसे ठेवले. या कापडाला भाव करत नाहीत, हे मात्र मला कोणी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी ते पिशवीत घातलं नाही, तसंच हातात दिलं. मी ते वाटूरपर्यंत मांडीवर धरून बसलो. बाई वाटेत सांगत होती, लुगडं माझ्या हातानंच द्यायचं, आधी पायाशी ठेवायचं नाही, उशाशी द्यायचं. मी हां हां म्हणत होतो. कपाशीची शेतं जात होती. माणसं शेतात होती, कामं चालली होती. मला त्यांचाही राग येत होता.

फाट्यावरून गाडी आत वळली तेव्हा चहाच्या टपरीला फळी लावलेली होती.

अंगणात माणसं होती. बायका दारात. मला बघून एकदम जो आवाज उठला तो मी सांगू शकत नाही. "माहेर आलं गं बाई, तुझं माहेर आलं!" असं म्हणून बायका तिला सांगत होत्या, जसं काही ती आत कामात आहे आणि तिला ऐकू गेलं नसावं. दाजी भिंतीला टेकून बसले होते. मी जवळ गेलो. आयुष्यभर न बोललेला माणूस माझा हात धरून म्हणाला, "च्या उतू गेला रे. मला हाक मारली, मी म्हटलं येतो. च्या उतू जायचा वास आला म्हणून उठलो." एवढंच पुन्हा पुन्हा. त्यांना कोणाला तरी हे सांगायचं होतं आणि ते माझ्यासाठी थांबले होते.

लुगडं उशाशी दिलं. बायकांनी आडोसा धरला. मी बाहेर उभा. आत बांगड्यांचा आवाज येत होता. मग मला हाक मारली.

तिला नेसवलं होतं. कपाळभर कुंकू. हातभर हिरवा चुडा. अक्का एवढी सजलेली मी तिच्या लग्नातसुद्धा बघितली नव्हती. तिच्या लग्नात मी लहान होतो आणि रडत होतो. कोणीतरी माझ्या हातात तुळशीचं पान आणि पाण्याची वाटी दिली. मी पाणी घातलं. ते ओठाच्या कडेनं खाली आलं. मी ते बोटानं पुसलं आणि मला वाटलं ती आता हात झटकून देईल.

"अक्का, आलो," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

तिच्या उशाशी जरा जागा होती. बायका सरकल्या. मी मांडी घालून बसलो. सकाळपासून जीव मुठीत धरून धावत होतो. विमान, जीप, दुकान, गाडी. आता पोचलो होतो. आता कुठं जायचं नव्हतं. मला तिच्याजवळ बसायचं होतं, एवढंच. तिच्या कानाशी कितीतरी सांगायचं होतं. काय सांगायचं होतं ते आता आठवत नाही, पण खूप होतं. मी तिचा हात हातात घेतला. गार होता, पण हात तिचाच होता, पेंड कालवून कालवून खरखरीत झालेला.

दारातून दाजींची म्हातारी चुलती पुरुषांकडं बघून म्हणाली, "माहेर आलं. लुगडं नेसवलं. आता कोणाची वाट बघायची न्हाई. उचला जल्दी, ऊन उतरलं."

आणि माणसं आत आली.

सकाळपासून सगळं गाव अडून बसलं होतं ते माझ्यासाठी. मी जालन्यात रस्ता चुकलो असतो, गाडी बंद पडली असती, ते विमान उडालंच नसतं, तर अक्का तेवढा वेळ त्या घरात राहिली असती. चौघांनी तिला हात घातला. माझ्या हातातला तिचा हात कोणीतरी हळूच सोडवून घेतला.

"जरा थांबा," मी म्हणालो. "जरा थांबा ना."

कोणी थांबलं नाही. ते थांबले होते माझ्यासाठीच, आणि मी तर आलो होतो.